रिकामे लॉकर शून्य

पेणमध्ये कुठल्याही विषयाचा क्लास लावा, उदाहरण गणपतीचंच मिळतं. शाळेत घनफळ शिकवताना गणपती, बँकेत कर्ज समजावताना गणपतीचा कारखाना. त्यामुळे संगणकाच्या मॅडमनी फळ्यावर ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ असे दोन शब्द लिहिले आणि आमच्याकडे वळल्या, तेव्हाच आता साचा येणार हे मला कळलं होतं. आलाच. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून काढलेली मूर्ती. साचा एक, मूर्ती हव्या तितक्या. एकीला पिवळं पीतांबर, दुसरीला तांबडं. एकीचा हात मोडला म्हणून दुसरीचा मोडत नाही. आजूबाजूची मुलंमुली माना डोलवत होती. त्यातली निम्मी हमरापूरकडची, सुट्टीत मूर्ती रंगवणारी. त्यांना यात नवीन काय सांगायचं?

मीही मान डोलवली. त्या दिवसांत मी सगळ्यालाच मान डोलवत असे.

माझा नवरा जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. रोह्याला एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत तो ऑपरेटर होता. दुपारच्या शिफ्टला निघाला, कंपनीच्या बसची वाट बघत उभा राहिला, छातीत कळ आली म्हणून कट्ट्यावर बसला आणि परत उठलाच नाही. यात कोणाचीच चूक नव्हती. असती तर निदान कोणावर तरी चिडता आलं असतं, आणि चिडणं मला चांगलं जमतं. पण चीड आली नाही आणि रडूही आलं नाही. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, तेव्हा गाल हाताला लागतो पण गालाला हात कळत नाही. माझं सगळं अंगच तसं झालं होतं. तेराव्याच्या दिवशी पानात मीठ वाढलंय की नाही हे मी बघत फिरत होते. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, “रड गो, मोकळी हो.” मी त्यांना विचारायची, चहात साखर किती घालू?

पुढचं सगळं इतरांनी ठरवलं. थोरले दीर मुंबईला असतात. माणूस सरळ आहे. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की रोह्याच्या घराचं भाडं आणि दोन ठिकाणचा संसार त्यांना झेपणारा नाही. माझ्या सासूबाई त्यांच्याकडे मुंबईला जातील, मी आणि माझी मुलगी पेणला माझ्या भावाकडे. यात वाईट काहीच नव्हतं. भाऊ चांगला, वहिनीही चांगली. पण मुलीला शाळेत सोडायला सासूबाई जातात, रात्री तिच्या केसांना तेल त्या लावतात, आणि ती दोघींच्या मधे झोपते. हे तिघींचं घर मोडणार होतं.

एकच दार उघडं होतं. कंपनीच्या स्टोअरमध्ये संगणकावर बसायला माणूस हवा होता. तिथे कामगारांची हेल्मेटं, गमबूट, लॉकर वगैरेंचा हिशोब ठेवणारा एक छोटा प्रोग्राम होता, तो सांभाळणारा मुलगा नोकरी सोडून चालला होता. स्टोअरचे साहेब घरी येऊन म्हणाले, “वहिनी, तुम्ही बीएस्सी आहात. प्रोग्रामिंगची तोंडओळख करून घ्या, आम्ही छोटी परीक्षा घेऊ. जमलं तर जागा तुमची.” मी मान डोलवली. सासूबाई आतून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या मला भल्या सकाळी उठवायला लागल्या.

रोह्यात टायपिंगचे आणि टॅलीचे क्लास होते, हे शिकवणारा नव्हता. म्हणून मी गाडीने पेणला जायला लागले. निडी, नागोठणे, कासू, पेण अशी स्टेशनं. खिडकीतून खाडी दिसे, भातखाचरं दिसत, आणि मला ती दिसतायत एवढंच कळे.

आता नावाचं सांगायला हवं. पेण माझं माहेर. तिथे मी लग्नाआधीच्या नावाने ओळखली जाते. दहावी-बारावीची, बीएस्सीची सगळी प्रमाणपत्रं त्याच नावाची, त्यामुळे क्लासातही तेच. मॅडम शाळेत माझ्या मागच्या वर्गांत होत्या, त्या नावाला ‘ताई’ जोडून हाक मारायच्या. रोह्याला माझं दुसरं नाव. आमच्यात लग्नात सुनेचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. माझ्या नवऱ्याचं अक्षर मुळात कोंबडीचे पाय, त्यात तांदळात. भटजींनी दोनदा वाकून वाचलं आणि तिसऱ्यांदा त्यालाच विचारलं. सगळे हसले होते. एवढा खटाटोप करून त्याने ते नाव कधी वापरलं नाही ते नाहीच. त्याची हाक म्हणजे “ऐकलंस काय गो”. पण सासर, शेजारपाजार, मुलीची शाळा, सगळीकडे तेच नाव चाललं आणि बघता बघता मी त्या नावाची झाले.

तर एके दिवशी मॅडमनी सगळ्यांना एकेक क्लास लिहायला सांगितला. मुलांनी मोबाइल, क्रिकेटपटू, मोटारसायकल असले क्लास केले. मी ‘बाई’ नावाचा केला. बाईला गाव असतं, वय असतं, आवडती भाजी असते, आणि ती नवऱ्याबरोबर आहे की एकटी, हेही असतं. हे शेवटचं मी का घातलं, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. बोटं चालत होती.

मग मी त्या क्लासातून एक बाई काढली आणि तिला माझं माहेरचं नाव दिलं. गाव पेण. भाजी वालाची. एकटी. कॉलेजात जाणारी, संध्याकाळी गच्चीवर पापड उलटायला जाणारी ती. आता दुसरी हवी होती, सासरची. ती कुठून आणायची? मला अगदी उघड वाटलं. लग्नात होतं तसंच करायचं. दुसरं नाव लिहिलं, बरोबरचं चिन्ह काढलं आणि पलीकडे पहिलं नाव लिहिलं. झाली दुसरी बाई. मग दुसरीचं गाव रोहे केलं, वय वाढवलं, भाजी त्याच्या आवडीची घातली, तिला नवऱ्याबरोबर केलं, आणि त्याखालच्या ओळीत परत एकटी.

मग पहिलीला छापलं. गाव पेण यायला हवं होतं. आलं रोहे. वय दुसरीचं, भाजी दुसरीची.

मी परत चालवून बघितलं. तेच. मग चिडले. किती दिवसांनी चिडले होते, पण तीही चीड संगणकावरची, वरवरची. मॅडमना हाक मारली आणि म्हटलं, “हे बिघडलंय. दुसरीचं बदललं की पहिलीचंही बदलतंय. मूर्तीचं तर तुम्ही वेगळं सांगितलं होतं.”

मॅडमनी वाकून बघितलं. “ताई, तुम्ही दुसरी बाई केलीच नाहीत,” त्या म्हणाल्या. “आहे त्याच बाईला दुसरं नाव दिलंत. बरोबरच्या चिन्हाने नवं ऑब्जेक्ट होत नाही, आहे त्यालाच आणखी एक नाव लागतं. नावं दोन, बाई एकच. नवी हवी असेल तर क्लासला परत बोलवायला लागतं.”

“मग पहिली कुठे गेली?”

“जाईल कुठे? तीच आहे ना ही.”

एवढं बोलून त्या पुढच्या बाकाकडे गेल्या. ही चूक इथल्या मुली फार करतात, असं त्या नंतर मला म्हणाल्या. मुलं सहसा करत नाहीत.

मी पडद्याकडे बघत राहिले. इतके महिने, कोणाला न सांगता, मी एक गोष्ट गृहीत धरून चालले होते. ती अशी की पेणला एक मी शिल्लक आहे. जिचं लग्न झालेलं नाही, जिचा नवरा मेलेला नाही. रोह्याचं काही जमलं नाहीच तर मी गाडीत बसेन, पेणला उतरेन, आणि ती मला मिळेल. भावाकडे राहावं लागेल याची मला खरी भीती वाटत नव्हती, ती यामुळे. आता वाटली. पेणला उतरले तरी उतरणारी हीच बाई असणार होती.

नवं नाव घेऊन नवीन बाई काढणं अवघड नव्हतं, ते मी केलं. पण ती अगदी कोरी होती. तिला गाव नव्हतं, वय नव्हतं, काहीच नव्हतं. मी ती पुसून टाकली.

पुसण्याचंही मॅडमनी एकदा शिकवलं. नाव पुसलं म्हणून ऑब्जेक्ट जात नाही. जोवर कोणीतरी कुठून तरी त्याला धरून आहे, तोवर ते आत राहतं. शेवटचा धरणारा सुटला की मग संगणक त्याची जागा मोकळी करतो. परीक्षेत येईल असं वाटून मी ते पाठ केलं. घरी येऊन मुलीपुढे म्हणूनही दाखवलं, तिने पाढे म्हटल्यावर.

परीक्षेच्या सकाळी सासूबाईंनी पोहे केले आणि माझ्यासमोर बसून राहिल्या. “आलं नाय तरी काय बिघडत नाय,” त्या म्हणाल्या. मग माझ्या पदराला सेफ्टी पिन लावताना त्यांनी ती दोनदा चुकीच्या जागी टोचली.

कंपनीच्या गेटवर माझं नाव लिहून घेतलं, सासरचं. साहेबांनी स्टोअरच्या कोपऱ्यातल्या संगणकावर बसवलं. चालू प्रोग्रामचीच एक प्रत सरावासाठी काढून दिली होती. माणसांची नावं गाळली होती, नुसते टोकन नंबर. कामगारांचा एक क्लास, लॉकरचा एक क्लास. कामगाराला बुटाचं माप, हेल्मेटचा रंग, शिफ्ट, आणि तो अजून कंपनीत आहे की नाही ते. लॉकरला त्याचा क्रमांक आणि तो कोणाकडे आहे ते. काम सोपं होतं. जे कंपनीत नाहीत त्यांना यादीतून काढायचं, रिकामे लॉकर किती ते छापायचं, आणि एक नवा कामगार तयार करून त्याला रिकामा लॉकर द्यायचा.

“एकच रिकामा निघेल,” साहेब म्हणाले. “तो नव्याला द्या, की झालं.” आणि ते फोनवर बोलायला बाहेर गेले.

मी यादीतून काढणारा भाग लिहिला. चालवला. काही टोकन गळले, त्यांच्याकडे मी नीट बघितलंही नाही. मग रिकामे लॉकर मोजले. पडद्यावर आलं, रिकामे लॉकर शून्य.

एक यायला हवा होता. ओळी परत वाचल्या, चूक दिसेना. मग मॅडमचं आठवलं. यादीतून गेला असेल, पण कोणीतरी त्याला अजून धरून असेल. म्हणून असा लॉकर शोधला ज्याचा माणूस यादीत नाही. एक सापडला. त्याच्या आत कोण आहे ते छापलं.

बूट आठ नंबर. हेल्मेट पिवळं. शिफ्ट दुसरी. वर टोकन नंबर. तो टोकन नंबर आमच्या घरात डब्यावर होता, छत्रीच्या दांड्यावर होता, रेनकोटच्या कॉलरला आतून मार्करने लिहिलेला होता. मला तो माझ्या मोबाइल नंबरापेक्षा जास्त पाठ होता.

दुसरे जे नोकरी सोडून गेले होते, त्यांनी जाताना लॉकर रिकामे करून दिले होते. याने दिला नव्हता.

काय लिहायचं ते मला येत होतं. एका ओळीचं काम. लॉकर कोणाकडे, तर कोणाकडेच नाही. ती ओळ लिहिली नाही तर उत्तर शून्यच राहणार आणि परीक्षा गेली. लिहिली तर आत जे काय होतं, आठ नंबरचे बूट आणि दुसरी शिफ्ट, त्याला धरणारं कोणीच उरणार नव्हतं. मी ओळ लिहिली, चालवली, एक आला. नवा कामगार केला, त्याला लॉकर दिला. मग हात मांडीवर ठेवून साहेबांची वाट बघत बसले. मला काहीही वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याची त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

साहेबांनी येऊन उभ्याउभ्याच बघितलं. “अरे वा, बरोबर,” म्हणाले. मग त्यांची नजर टोकन नंबरवर गेली. ते खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

“वहिनी, माझं लक्षच गेलं नाही. तुम्ही बोलायचं ना.”

मी म्हटलं, “परीक्षा होती ना.”

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. लॉकर अजून बंदच होता. चावी नव्हती, आणि कुलूप तोडायला एकही माणूस तयार होईना. याला सांगितलं तर हा म्हणे त्याला सांगा. दुसऱ्या शिफ्टची माणसं त्या लॉकरवर आपलं सामानसुद्धा टेकवत नसत. माझ्या पर्समध्ये घरच्या चाव्यांचा जुडगा होता. त्यात एक बारकी चावी होती, ती सुटकेसची असं मी धरून चालले होते. ती काढून दाखवली. साहेब म्हणाले, “हीच असणार.”

वॉचमनने कपडे बदलायच्या खोलीतून माणसं बाहेर काढली आणि मला आत नेलं. चावी लागली. आत गमबूट होते, एक साबणाची वडी वाळून तडकलेली, आणि आतल्या हुकाला त्याचा टॉवेल. आंघोळ करून ओलाच टांगलेला असणार, तो तसाच वाळला होता. कडक, पापडासारखा. हुकाशी जी चुणी पडली होती ती तशीच, खाली एक टोक आत वळलेलं ते तसंच. मी तो काढला तरी तो त्याच आकारात राहिला. घडी केली असती तर तो आकार मोडला असता. म्हणून मी घडी केली नाही. बूट आणि साबण पिशवीत टाकले आणि टॉवेल फोटोची चौकट धरावी तसा हातात धरून रिक्षात बसले. साहेब गेटपर्यंत आले होते. “एक तारखेपासून या,” ते म्हणाले. रिक्षावाल्याने आरशातून टॉवेलकडे दोनदा बघितलं.

घरी आले तेव्हा सासूबाई मोरीत धुणं घेऊन बसल्या होत्या. मी टॉवेल खुर्चीच्या पाठीला अलगद टेकवला आणि पाय धुवून साडी बदलायला आत गेले. बाहेर आले तर खुर्ची रिकामी. मोरीकडे बघितलं. टॉवेल बादलीत होता. सासूबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात, वर फेस.

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी याआधी कधी ऐकला नव्हता. मी बादलीत हात घातला. टॉवेल मऊ पडला होता, लिबलिबीत, कुठल्याही टॉवेलासारखा. चुणी नाही, वळलेलं टोक नाही. मी तो छातीशी धरला आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसून रडायला लागले. पाणी साडीवरून जमिनीवर, आणि मी रडतेय. श्वास घ्यायला थांबायचं आणि परत रडायचं. इतक्या महिन्यांचं एकदम आलं आणि ते फार दुखलं. मोकळं वगैरे काही वाटलं नाही.

सासूबाई घाबरल्या. ओले हात घेऊन तशाच माझ्याजवळ सरकल्या. “मळलेला होता गो,” त्या म्हणाल्या. “कंपनीचा टॉवेल हाय. सुट्टीच्या दिवशी तो आणायचा न् मी धुवायची. हात आपसूक गेला माझा.” मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वेगळंच काहीतरी कळलं होतं.

“नाय जमली ना परीक्षा?” त्या म्हणाल्या. “असू दे. नको रडू. मी जाईन थोरल्याकडे, माझं काय. तू पोरीला घेऊन पेणला जा. ती मोठी झाल्यावर येईल मला भेटायला. तिच्या केसांना तेवढं तेल लावत जा, ती आपणहून लावत नाय.”

मी मान हलवली. त्यांना ती होकाराची वाटली, आणि त्याही पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मला बोलायचं होतं, पण हुंदक्यात शब्द सापडेना. त्यांचं मनगट घट्ट धरून ठेवलं, तेव्हा कुठे एक शब्द निघाला.

“लागली.”

“काय?”

“नोकरी. एक तारखेपासून.”

त्यांनी पदर खाली घेतला. डोळे भरलेले, नाकाला साबणाचा फेस लागलेला. माझ्याकडे बघितलं, माझ्या छातीशी धरलेल्या टॉवेलकडे बघितलं.

“मंग रडतेस कशाला गो?” त्या म्हणाल्या.

मी टॉवेल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलगडला, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं माझ्याकडे केलं. आम्ही दोघींनी तो पिळला.